खोली आणि आडनाव

कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन टोळकं दारात! सामान उचललं, कमाठी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट बघितली.

पुढं आपली पोरं शिकायला मुंबईत आली तेव्हा वडाळ्याचं सिद्धार्थ विहार होतं. तिथं आडनाव लपवावं लागत नव्हतं. १९७२ ला दलित पँथर निघाली, तिची पोरं तिथंच जमायची. एका वसतिगृहानं एवढं केलं!

१९७० ला सिडको आली, कागदावर नवी मुंबई आखली. सेक्टरला नंबर दिले, जात नाही दिली. पण नेरूळला खोली बघायला जा: आधी आडनाव, मग ‘मटण-मच्छी खाता का?’, भाड्याचं बोलणं शेवटी. वसतिगृहांना प्लॉट किती सोडले, ते सिडकोला विचारायचंय.