दमदार छोट्या गाड्यांचा जुना बाजार

घरगुती वापराच्या लहान मोटारीत कारखान्यानेच जास्त ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवून ती विकावी, ही कल्पना ब्रिटनमध्ये १९६१ साली मिनी कूपरच्या रूपाने रुजली. मूळची मिनी १९५९ची. तिचे इंजिन ८४८ सीसीचे आणि ताकद ३४ अश्वशक्ती. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी तिच्यात ९९७ सीसीचे, ५५ अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घालायला लावले. १९६४, १९६५ आणि १९६७ साली या बुटक्या गाडीने माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ सालीही पहिले तीन क्रमांक मिनींचेच होते, पण हेडलाइट नियमात बसत नाहीत असे ठरवून परीक्षकांनी त्या बाद केल्या. बाजारात त्या वादाने मिनीचे नुकसान झाले नाही, उलट नाव वाढले.

या कल्पनेला कायमचा साचा दिला तो जर्मनीने. फोक्सवॅगनच्या काही अभियंत्यांनी गोल्फची वेगवान आवृत्ती आधी वरिष्ठांच्या नजरेआड तयार केली. १९७५च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती दाखवली गेली आणि १९७६च्या जूनपासून गोल्फ जीटीआय या नावाने विकली जाऊ लागली. १६०० सीसीचे फ्युएल इंजेक्शनचे इंजिन, ११० अश्वशक्ती, ताशी १८२ किलोमीटरचा कमाल वेग आणि आठशे किलोंच्या आसपास वजन. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्या खपतील असा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. आतल्या चौकड्यांच्या कापडाच्या सीट आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फच्या चेंडूसारखा गोळा ही गुनहिल्ड लिलिएक्विस्ट या डिझायनरची कल्पना. पुढे कंपनीने या दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या जपल्या.

युरोपात गाडी घेणे म्हणजे यादीवर खुणा करणे. मूळ किमतीत इंजिन आणि चार चाके मिळत, बाकीचे वेगळे पैसे मोजून. पहिल्या जीटीआयला लोखंडी रिम होते. अलॉय व्हील हवी तर जादा, सरकते छप्पर हवे तर जादा. परिणामी एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या सारख्या नसत, आणि काही वर्षांनी त्या जुन्या बाजारात आल्या की भावातला फरक त्या खुणांवरून पडे. १९८४ साली आलेल्या प्यूजो २०५ जीटीआयने निवड आणखी अवघड केली. सुरुवातीचे इंजिन १६०० सीसीचे, १०५ अश्वशक्तीचे होते. १९८६ साली १९०० सीसीचे, १३० अश्वशक्तीचे आले. मोठ्या इंजिनाच्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आणि पंधरा इंची चाके मिळाली. लहानीला मागे ड्रम आणि चौदा इंची चाके. म्हणजे ऑप्शन नुसता सजावटीचा राहिला नाही, गाडी थांबते कशी तेही त्यावर ठरू लागले. जुनी २०५ घेणारे जाणकार आजही आधी मागची चाके पाहतात.

या गाड्यांना ब्रिटनमध्ये ग्रहण लागले ते चोरांमुळे. १९९०च्या सुमारास तरुण टोळक्यांनी अशा गाड्या पळवून रस्त्यावर उडवण्याचा सपाटा लावला. विम्याचे हप्ते इतके वाढले की हप्त्याच्या पैशात दुसरी जुनी गाडी यावी. १९९२ साली ब्रिटिश संसदेने असल्या चोऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, आणि १९९८च्या ऑक्टोबरपासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीत तो आहे की नाही, हा प्रश्न सेकंडहँड खरेदीत सनरूफच्या कितीतरी आधी विचारला जाई.

भारतात या काळात प्रश्नच वेगळा होता. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून फिॲट ११०० आणि पुढे प्रीमिअर पद्मिनी निघे. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून हातात असलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई. अशा टंचाईत ऑप्शनला अर्थ नव्हता. गाडी मिळाली हेच पुष्कळ. चपळपणाची हौस भागवली ती गॅरेजवाल्यांनी. स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली जमिनीवर आणायचा, लांब बाकाच्या जागी बकेट सीट बसवायच्या, सायलेन्सर बदलायचा. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत पळालेल्या फिॲटही अशाच, मिस्त्रींच्या हातून तयार झालेल्या होत्या. भारतीय ग्राहकाच्या मनात ‘स्पोर्टी’ आणि ‘बाहेरून बसवलेले’ यांची जोडी जुळली ती तेव्हापासून, आणि ती अजून पूर्ण सुटलेली नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसीचे इंजिन आणि जेमतेम साडेसहाशे किलो वजन. हलकेपणामुळे ती पद्मिनीच्या पुढे सहज निघून जाई. एसी असलेली आणि नसलेली, असे तिचे दोन प्रकार झाले आणि ‘साधी की एसी?’ हा जुन्या गाडीच्या सौद्यातला पहिला प्रश्न बनला. १९९३ साली मोटार उद्योग परवान्यातून मुक्त झाला आणि त्याच वर्षी मारुतीने झेन आणली. ९९३ सीसीचे इंजिन, ५० अश्वशक्ती, पाच गिअर आणि जमिनीला चिकटून पळण्याची ढब. स्पोर्टी असे नाव न लावताही अनेकांनी झेन त्याच कारणासाठी घेतली. तिचा सेकंडहँड भाव दीर्घकाळ चांगला राहिला, पण त्यात वेगाचा वाटा कमी आणि मारुतीच्या सर्व्हिस सेंटरांचा जास्त.

स्पोर्टी म्हणून विकलेली आणि खरोखर तशी असलेली पहिली लक्षणीय गाडी कुर्ल्यातूनच निघाली. २००१च्या सप्टेंबरमध्ये फिॲटने पॅलिओ आणली. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता आणि त्याच्या नावाची एस१० ही खास आवृत्तीही निघाली. १२०० सीसीची पॅलिओ संसारी होती. १६०० सीसीची जीटीएक्स मात्र १०० अश्वशक्तीची, म्हणजे त्या वेळच्या बहुतेक हॅचबॅकच्या दीडपट ते दुपटीची. गाडी जड, दरवाजे भारी, वळणावर पाय न सोडणारी. ज्यांनी चालवली त्यांनी तिला कधी नावे ठेवली नाहीत, पण पेट्रोल पंपावर ती मालकाला रडवी. ‘एव्हरेज किती देते?’ या प्रश्नावर जीटीएक्सकडे उत्तर नव्हते. भारतीय जुन्या बाजारात इंधनाची तहान आणि सर्व्हिसची धाकधूक यांची किंमत नवीनपणापेक्षा मोठी असते. त्यामुळे जीटीएक्सचे भाव लवकर कोसळले. याचा लाभ झाला तो दुसऱ्या मालकाला. जीटीएक्सच्या इंधनाच्या भुकेची किंमत नव्या गाडीच्या ग्राहकाने आपल्या खिशातून चुकवली, आणि चालवण्याचा आनंद अर्ध्या किमतीत दुसऱ्याला मिळाला. पुढच्या वीस वर्षांत हेच गणित वेगवेगळ्या नावांनी परत परत घडले.

ऑप्शनची युरोपीय यादी भारतात कधी आलीच नाही. इथे कंपन्यांनी जिना बांधला: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. हवे ते निवडता येत नाही, पायरी चढावी लागते. २००५ साली आलेल्या स्विफ्टमध्ये एअरबॅग हव्या असल्या तर सर्वात वरची झेडएक्सआय घ्यावी लागे, मग त्यातला ऑटोमॅटिक एसी हवा असो वा नसो. पुढे काही कंपन्यांनी खालच्या पायऱ्यांवर एअरबॅग आणि एबीएस असलेला वेगळा प्रकार काढला आणि नावापुढे कंसात ‘ओ’ लावला. हा ‘ओ’ फार कमी लोकांनी घेतला. तीच रक्कम बहुतेकांनी अलॉय व्हील, टचस्क्रीन आणि सीट कव्हरवर घातली. आज आरसी बुकमध्ये मॉडेलच्या नावापुढे तो ‘ओ’ छापलेला दिसला तर ती गाडी भाग्याची समजावी. एलएक्सआय लिहिलेल्या गाडीला मागून झेडएक्सआयचा बिल्ला चिकटवलेला असणे ही तर जुनी युक्ती आहे.

कायद्याने नंतर ही दरी भरली. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. २०२२च्या सुरुवातीपासून शेजारच्या प्रवाशाचीही. त्यामुळे २०१९ ही सेकंडहँड खरेदीतली ठळक रेघ आहे. तिच्या अलीकडच्या गाडीत ब्रेक आणि एअरबॅगचे काम कायद्याने करून ठेवले आहे, पलीकडच्या गाडीत ते प्रत्येक गाडीपुरते तपासावे लागते.

दमदार छोट्या गाड्यांचा भारतातला बहराचा काळ म्हणजे २०१३ ते २०२०, आणि तो बराचसा पुणे जिल्ह्यातच घडला. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पुढच्या वर्षी पोलो आली. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १२०० सीसीचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, दोन क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ईएसपी हे सगळे एकत्र मिळाले. ओल्या रस्त्यावर गाडी घसरू लागली तर चाकांचे ब्रेक वेगवेगळे आवळून तिला सरळ ठेवणारी ही ईएसपी यंत्रणा त्या किमतीच्या गाडीत दुर्मीळ होती, आणि आज जुन्या पोलो जीटीचे तेच सर्वात मोठे मोल आहे. सर्वात मोठी धास्ती मात्र तिचाच गिअरबॉक्स. तो कोरड्या क्लचचा आहे. शहरातल्या रेंगाळत्या रहदारीत त्याची झीज होते आणि दुरुस्ती लाखांच्या घरात जाऊ शकते. अशी गाडी घेताना चढावर थांबून, मग हळू पुढे सरकवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

रांजणगावला फिॲटने २०१५ साली अबार्थ पुंटो काढली. १४०० सीसीचे टर्बो, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत ९.९५ लाख. त्या पैशात एवढी ताकद भारतात दुसरीकडे कुठे नव्हती. तरी ती फार खपली नाही, आणि पॅलिओचे गणित पुन्हा लागू झाले. फिॲटने भारतात गाड्या विकणे थांबवल्यावर सुट्या भागांच्या अडचणीची भर पडली. दरम्यान २०१७ साली मारुतीने बलेनो आरएस, तर २०१८ साली टाटाने ११४ अश्वशक्तीची टियागो जेटीपी आणली. एप्रिल २०२०च्या बीएस६ प्रदूषण नियमांपाशी या दोन्ही संपल्या. २०२१ साली ह्युंदाईने आय२० एन लाइनने तो धागा उचलला. पोलो २०२२ साली बंद झाली, आणि बंद झालेल्या गाडीचे भाव घसरण्याऐवजी जीटी टीएसआयचे टिकून राहिले. चांगल्या स्थितीतली, पहिल्या मालकाची गाडी हवी असेल तर आज घासाघीस फार चालत नाही.

जुन्या गाड्यांचा व्यापार या काळात दलालांकडून शोरूमकडे सरकला. मारुतीने ट्रू व्हॅल्यू २००१ साली सुरू केले, त्यानंतर इतर कंपन्या आणि मोबाइलवरून गाडी विकणारे व्यवसाय आले. तपासणीचा कागद आणि काही महिन्यांची वॉरंटी मिळू लागली. पण इंजिनाचे रिमॅपिंग असल्या कागदावर क्वचित दिसते. टर्बो गाड्यांमध्ये नुसत्या संगणकीय बदलाने वीस-पंचवीस टक्के ताकद वाढवता येते, आणि विकताना मूळ प्रोग्रॅम परत घालता येतो. क्लच आणि टर्बो मात्र ते ओझे वाहून झिजलेले असतात. कायद्याच्या दृष्टीनेही असे बदल अडचणीचे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधिक कडकपणे सांगितले. अपघातानंतर विमा कंपनीने हे दाखवून दावा नाकारला, तर पहिला मालक तिथे नसतो.

महाराष्ट्रात आणखी एक प्रवाह आहे, दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांचा. तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार राहिल्याने पोलो जीटी टीडीआयसारख्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर पडत आल्या. दिल्ली पासिंगची गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी हे सगळे किमतीत धरले तर स्वस्ताई बरीच आटते.

ऑप्शनचा हिशेब दोन रकान्यांत मांडता येतो. अलॉय, स्क्रीन, स्पीकर, चामडी कव्हर, दिवे हे पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर केव्हाही मिळते. त्यासाठी जुन्या गाडीला जादा पैसे देण्याचे कारण नाही, आणि भरपूर बाहेरचे सामान असलेल्या गाडीची वायरिंग कापलेली असण्याची शक्यता उलट जास्त. इंजिनाचा प्रकार, गिअरबॉक्स, मागचे डिस्क ब्रेक, एअरबॅग, ईएसपी हे कारखान्यातच बसते, नंतर बसवून घेण्याची सोय नसते. पहिल्या रकान्याला शून्य भाव आणि दुसऱ्याला पूर्ण भाव द्यावा, आणि विकणारा उलटे मागत असेल तर दुसरी गाडी पाहावी.