पेवातली हळद

हरिपूरच्या संगमावर वारणा कृष्णेला मिळते. एका काठाला सांगलीलगतचे हरिपूर, पलीकडे शिरोळ तालुक्यातले कोथळी. संस्थानी काळात शिरोळ करवीर दरबाराचे, कुरुंदवाड पटवर्धनांचे आणि सांगली पटवर्धनांच्याच दुसऱ्या गादीची. या काठच्या हळदीला पेठ मात्र एकच, ती सांगलीची. चिंतामणराव पटवर्धनांनी 1801 मध्ये मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला राजधानी केली, आणि पुढे हळदीच्या व्यापारात या गावाचे नाव देशभर झाले.

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढायची, काहिलीत शिजवायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि घोळून चकचकीत करायची. एवढे झाले की प्रश्न साठवणीचा. हरिपूरकरांनी तो जमिनीखाली सोडवला. नदीकाठची माती घट्ट आणि न पाझरणारी, म्हणून तिच्यात तोंडाशी अरुंद व आत ऐसपैस असे पेव खणता येई. तळाला आणि कडेने पाला-चटयांचे अस्तर लावून हळकुंडे भरत व तोंड मातीने लिंपून टाकत. आत ना उजेड, ना खेळती हवा. त्यामुळे किडीचे काही चालत नसे. पेव उघडल्यावर मात्र कोणी लगेच उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहायचा. तो विझला तर थांबायचे. 2005 च्या महापुरात पाणी शिरून यातली पुष्कळ पेवे निकामी झाली, आणि माल गोदामांकडे, शीतगृहांकडे वळला.

पेवातल्या हळदीचा रंग टिकतो, अशी व्यापाऱ्यांत ख्याती. त्यामागे रसायन आहे. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा, आणि ते उजेडात विघटित होते. फोगेल आणि पेल्टिए यांनी 1815 मध्ये ते वेगळे केले. त्याची रचना 1910 मध्ये उलगडली. हळकुंड मोडून आतला रंग पाहणारा अडत्या नकळत कर्क्युमिनच जोखत होता.

पट्टणकोडोलीच्या यात्रेत बिरदेवावर उधळला जाणारा भंडारा, लग्नातली हळद, जखमेवरची चिमूट हे सगळे फार जुने. कर्करोगाशी हळदीचे नाव जोडले गेले ते अलीकडे. त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी 1985 मध्ये हळदीच्या अर्काचा गाठीच्या पेशींवरचा परिणाम प्रसिद्ध केला. त्यानंतर प्रयोगशाळांतून निबंधांचा पूर आला. काचेच्या बशीतली पेशी कर्क्युमिनला दाद देते, हे खरे; माणसाच्या पोटात ते नीट शोषलेच जात नाही, यकृत त्याची लगोलग विल्हेवाट लावते. बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात 1998 मध्ये मिऱ्यातल्या पायपरिनसोबत ते दिले, तेव्हा रक्तातले प्रमाण वीसपट वाढले. तरीही आनुवंशिक आतड्यांच्या गाठी असलेल्या रुग्णांवरच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्क्युमिन आणि नुसती साखरगोळी यांत फरक दिसला नाही. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही 2018 मध्येच. ते तिच्या गुणवत्तेला होते, औषधी दाव्याला नव्हे.

कर्करोग टाळण्यासाठी दिलेल्या सूक्ष्म खनिजांच्या बाबतीतही अपेक्षाभंगच झाला. सेलेनियमच्या गोळ्यांनी कर्करोग कमी झाल्याचे 1996 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. पुढे 35 हजारांवर पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व यांची चाचणी झाली. उपयोग दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तर प्रोस्टेटचा कर्करोग पुढे थोडा वाढलेलाच आढळला. भाजीपाला, कडधान्ये, भरड धान्ये यांनी भरलेल्या ताटाचा फायदा गोळीत उतरत नाही, एवढे या चाचण्यांतून समजले.

रंगावर भाव ठरतो म्हणून भेसळही रंगाचीच होते. दक्षिण आशियात काही ठिकाणी हळकुंडांना लेड क्रोमेट चोळल्याचे आढळले आहे. त्यातले शिसे मेंदूला घातक, आणि त्यातले क्रोमियम ज्या स्वरूपात असते ते कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे. ही पूड बाहेरून लावलेली असते; त्यामुळे हळकुंड मोडून पाहण्याची अडत्याची जुनी रीत इथेही उपयोगी पडते. वरचा रंग भडक आणि आतला फिका असला, तर तो माल घेऊ नये.