नाव बुडवणे : ओरत्तनाडुच्या छत्रावरून

दुसऱ्याची प्रतिष्ठा घालवण्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पाणउतारा तोंडावर होतो, नालस्ती पाठीमागे, धिंडवडे निघतात ते चारचौघांत. अब्रू माणसाची जाते; बट्टा कुळाला लागतो. बट्टा मुळात सराफकट्ट्यावरचा: झिजके नाणे मोडताना सराफ कापून घेई ती रक्कम. नाणे तेच, किंमत उतरलेली.

या शब्दांची विभागणी करायची तर कोण घालवतो आणि कशाने, हे पाहावे. नालस्ती परका करतो, शब्दाने. भारतीय न्याय संहितेचे अब्रुनुकसानीचे कलम 356 एवढ्याचीच दखल घेते: बोललेले, लिहिलेले, खुणेने वा चित्राने दाखवलेले. ‘पोराने नाक कापले’ म्हणतो तेव्हा घालवणारा घरचा आणि साधन कृती. नाव बुडायला मात्र शब्दही लागत नाही, कृतीही नाही. वाडवडिलांनी चालवलेले बंद पडले, की बुडालेच.

याचे उदाहरण तंजावरचे. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडुला तिथले मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी मुक्तांबाळच्या नावाने छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी अन्नछत्र, उभारले. ती लग्नाची राणी नव्हती. लोकांनी नावे ठेवावीत असेच हे नाते. राजाने ते झाकले नाही, रामेश्वराच्या वाटेवरच्या अन्नछत्रालाच तिचे नाव दिले. मला हे मोठे धैर्याचे वाटते.

1799 च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राज्यातल्या अशा छत्रांवर गदा येईल या काळजीने सरफोजींनी 1801 मध्ये कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिनला पत्र लिहिले. त्यात कुळाची थोरवी सांगून ते थांबत नाहीत, छत्रांत रोज काय घडते ते सांगतात: ब्राह्मणापासून परैयापर्यंत प्रत्येक वाटसरूला भात, शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा, आजाऱ्याला वैद्य, पोरांना दूध, बाळंतिणीची देखभाल. तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात आणि हा लौकिकच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आहे, असे ते बजावतात. सत्ता गेलेल्या राजाने अब्रू कुठे ठेवली होती, ते इथे कळते. ती भाताच्या पंगतीत होती. छत्रांचे उत्पन्न तोडले असते, तर निंदेचा एक शब्दही न उच्चारता कंपनीला ते नाव बुडवता आले असते. अशा बुडवण्याला अब्रुनुकसानीच्या कायद्यात आजही कलम नाही.