चुका ऐकवणारे स्पीकर

तुमच्याही घरी हे कदाचित झालं असेल. कॉलेजात जाणारं लेकरू एक दिवस दोन जड खोकी घेऊन येतं. त्यांतून दोन काळ्या पेट्या निघतात, अभ्यासाच्या टेबलावर जाऊन बसतात, आणि मग त्या टेबलावर पुस्तकाला जागा उरत नाही. "हे साधे स्पीकर नाहीत बाबा, स्टुडिओ मॉनिटर आहेत," असं आपल्याला सांगितलं जातं. आपण मान डोलावतो. किती पडले ते मात्र विचारायचं राहून जातं.

आमच्याकडे हे घडलं तेव्हा हॉलमधली जुनी म्युझिक सिस्टिम नुकतीच मुकी झाली होती, आणि मला एक कॅसेट ऐकायची होती. नव्वदच्या दशकात इथल्याच एका कम्युनिटी क्लबात आपल्या मंडळींनी गणपतीत नाट्यसंगीताचा कार्यक्रम केला होता, त्याची. सगळे हौशी गायक, पेटीवाले गृहस्थ दिवसा बँकेत. टीव्हीखालच्या साउंडबारवर ती लावली तर रस्त्यापलीकडे कुणीतरी गातंय असं वाटायचं. नवीन काहीतरी घ्यायलाच हवं होतं. मी म्हणालो हाय-फाय, लेक म्हणाली मॉनिटर. शेवटी एका शनिवारी दोघं सिटी हॉल स्टेशनला उतरलो आणि कोलमन स्ट्रीट गाठला.

त्या रस्त्यावर हा वाद विटा-सिमेंटमध्ये उभा आहे. 1 नंबरला ॲडेल्फी. तिथे पूर्वी त्याच नावाचं नामांकित हॉटेल होतं. ते 1973 मध्ये बंद झालं, पुढे पाडलं आणि त्या जागी ही इमारत आली. सिंगापुरात हाय-फायचा शौक असलेल्या माणसाला ॲडेल्फीचा पत्ता सांगावा लागत नाही. आत मऊ कोच, गालिचा, मंद दिवे आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. तिथून बाहेर पडून काही पावलं चाललात की पेनिन्सुला आणि एक्सेल्सिअर ही शॉपिंग सेंटरं लागतात. तिथल्या वाद्यांच्या दुकानांत भिंतभर गिटारी टांगलेल्या असतात आणि कुणीतरी कायम ड्रम बडवून पाहत असतं. एकीकडे गाणं ऐकणाऱ्यांची दुकानं, दुसरीकडे गाणं करणाऱ्यांची. मला नेहमी प्रश्न पडायचा की आवाज एकच, तर दुकानं दोन का? उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं.

नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. त्याच मोहिमेत 1903 साली त्याने सिंगापुरातही ध्वनिमुद्रण केलं, म्हणजे या बेटाची आणि आपल्या संगीताची तबकडी जवळजवळ एकाच हाताने सुरू झाली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. घरी ऐकताना हेच उलट व्हायचं, सुई हलायची आणि कर्ण्यातून आवाज यायचा. मुद्रण करणारा आणि ऐकणारा, दोघांकडे एकाच जातीचं यंत्र. कुणाचं जास्त खरं, हा वादच उपटत नव्हता.

1925 मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि ही बरोबरी मोडली. मायक्रोफोनला आता कुजबूजही पकडता येऊ लागली, पण घरातलं यंत्र तितकं शहाणं नव्हतं. मुद्रण करणाऱ्याला घरच्यापेक्षा बरा कान लागणार, हे तेव्हापासून ठरून गेलं.

घरात मात्र वेगळंच काहीतरी चाललं होतं. सिंगापुरात 1949 मध्ये रेडिफ्यूजन सुरू झालं. हा बिनतारी रेडिओ नव्हता. नळाने पाणी यावं तसं तारेने कार्यक्रम घरात यायचे. एक छोटी पेटी, त्यात स्पीकर, महिन्याची वर्गणी पाच डॉलर. ऐन भरात एक लाखाच्या वर वर्गणीदार होते, पण ऐकणारे त्याच्या कित्येक पट, कारण कॉफीशॉपमध्ये ती पेटी लावलेली असे आणि ली दाई सोर यांच्या कँटोनीज गोष्टी ऐकायला लोक टेबलं धरून बसत. एका कॉफीवर तासभर. 2012 मध्ये रेडिफ्यूजन बंद झालं. तुमच्या ब्लॉकमधल्या एखाद्या आजोबांना विचारून पाहा, त्यांच्याकडून पेटीच्या आवाजाबद्दल तुम्हाला काही कळणार नाही, शेजारी कोण बसायचं ते मात्र कळेल.

आपल्याकडेही तेच. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीने गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू केलं. पुढे वर्षभर 56 गीतं झाली. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओटीवर जाऊन बसले. मीडियम वेव्हवरून वरचे बारीक स्वर येतच नसत, आणि लाकडी कपाटासारख्या रेडिओमुळे आवाजाला एक ऊब यायची. अनेकांच्या मनातला "गीतरामायणाचा आवाज" म्हणजे अर्धा बाबूजींचा आणि अर्धा त्या लाकडाचा आहे, असं माझं मत आहे. रागावू नका.

तिकडे स्टुडिओत मात्र एक माणूस खुर्चीत बसून चुका शोधत होता. त्याच्यासाठी जे स्पीकर झाले, त्यांना मॉनिटर म्हणतात. मॉनिटर म्हणजे लक्ष ठेवणारा, वर्गातल्या मॉनिटरसारखाच, आणि तितकाच नावडता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस3/5ए नावाचा एक फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. बाहेर जाऊन कार्यक्रम टिपणाऱ्या मोटारींत मोठा स्पीकर मावत नसे, म्हणून हा छोटा. त्यांची कसोटी साधी होती. ओळखीच्या माणसाचं बोलणं प्रत्यक्ष ऐकायचं, मग स्पीकरवर ऐकायचं, आणि तोच माणूस वाटतो का ते पाहायचं. पुढे परवाना घेऊन इतर कंपन्यांनी तो बाजारात आणला आणि मोटारीतला हा स्पीकर लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. शौकीन आजही त्याच्या जुन्या जोड्या शोधत फिरतात.

1978 मध्ये यामाहाने उलटा प्रवास घडवला. एनएस-10 हा स्पीकर त्यांनी घरासाठी काढला होता. घरच्या लोकांना तो आवडला नाही. कर्कश, कोरडा, खर्ज कमी. पण स्टुडिओवाल्यांनी तो उचलला, कारण त्यावर गाण्यातला दोष लपत नसे. वरचा आवाज इतका टोचायचा की कित्येकजण त्याच्या ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवत. घरात नापास झालेला हा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत पांढऱ्या शंकूनिशी दिसू लागला. 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, पण तुमच्या लेकराच्या टेबलावर पांढऱ्या शंकूची यामाहा एचएस मालिका असेल, तर ते त्याचंच वंशचिन्ह आहे.

त्याच 1978 मध्ये फिनलंडमधल्या इसाल्मी गावात जेनेलेक ही कंपनी सुरू झाली. त्यांच्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आतच होते, आणि तेही एक नव्हे. इथे थोडं थांबू, कारण दुकानात याच ठिकाणी आपली फसगत होते.

घरच्या नेहमीच्या स्पीकरला बाहेरचा एक ॲम्प्लिफायर लागतो. त्यातून आलेला जोरकस आवाज स्पीकरच्या पोटातल्या तारांच्या गुंडाळ्या आणि कपॅसिटर वाटून देतात, बारीक स्वर ट्विटरला, जाड स्वर वूफरला. या वाटणीत थोडं वाया जातं, थोडं बिघडतं. ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये आवाज दुबळा असतानाच त्याची वाटणी होते आणि मग प्रत्येक भागाला स्वतःचा ॲम्प्लिफायर मिळतो. उदाहरणार्थ यामाहा एचएस5 मध्ये पाच इंची वूफरला 45 वॉट आणि ट्विटरला 25 वॉट, वेगवेगळे. ज्याला नुसतं "पॉवर्ड" म्हणतात त्यात पुष्कळदा एकाच पेटीत एक ॲम्प्लिफायर असतो आणि दुसरी पेटी तारेने तिच्या जिवावर चालते. दोन्हींची वायर भिंतीतच जाते, म्हणून ते सारखे दिसतात. विकत घेताना दोन्ही पेट्यांना स्वतंत्र वीज लागते का, एवढं विचारलंत तरी अर्धं कोडं सुटतं.

आता हा स्टुडिओ टेबलावर कसा आला? त्याचं बरंचसं श्रेय इथल्याच एका माणसाला जातं. सिम वोंग हू, न्गी ॲन पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, हार्मोनिका वाजवणारे. 1981 मध्ये चायनाटाउनच्या पर्ल्स सेंटरमध्ये त्यांनी क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. तेव्हाचा पीसी फक्त 'पीं' करायचा. 1989 मध्ये त्यांचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि जगभरचे संगणक बोलू, गाऊ लागले. 1992 मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅकवर पोचली, असं करणारी सिंगापूरची पहिली. 2023 च्या जानेवारीत सिम गेले तेव्हा माझ्या वयाच्या लोकांना आपलं पहिलं घरचं संगणक-टेबल आठवलं, आणि त्यावरचे ते दोन पिवळट स्पीकर. संगणकाला आवाज मिळाला, मग आवाज टिपता येऊ लागला, आणि नंतरच्या पिढीने बेडरूममध्येच गाणं रचायला घेतलं. चुका शोधणाऱ्या माणसाची खुर्ची आपल्या घरात आली ती अशी.

तर मग घरी ऐकायला काय बरं? मी दोन्ही बाजूंची दुकानं पालथी घालून आणि घरी लेकीची जोडी महिनाभर वापरून जे पाहिलं ते सांगतो.

मॉनिटर जवळून ऐकण्यासाठी आहे. दोन पेट्या आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू मीटरभर, ट्विटर कानाच्या उंचीला. असं बसलात तर त्या किमतीत इतका स्वच्छ आवाज हाय-फायच्या दुकानात मिळणं अवघड आहे. पण तीन-चार मीटरवरच्या सोफ्यावर गेलात की गंमत ओसरते, कारण आता तुम्ही स्पीकर कमी आणि खोली जास्त ऐकता. आपल्या एचडीबीच्या खोल्या म्हणजे काँक्रीटच्या भिंती, गुळगुळीत लाद्या आणि एक मोठी काच. टाळी वाजवून बघा. त्यात टेबल भिंतीला चिकटलेलं, आणि काही मॉनिटरना हवेचं भोक मागच्या बाजूला असतं. भिंत जवळ आली की खर्ज फुगतो आणि तबला पखवाजासारखा वाजतो. एचएस5 ला यासाठी मागे एक बटण आहे, खालचे स्वर 2 किंवा 4 डेसिबलने उतरवणारं. ते खरंच वापरा. पुढे भोक असलेल्या केआरके किंवा कॅलीसारख्या पेट्या भिंतीजवळ थोड्या कमी कुरकुरतात. आणखी एक गोष्ट, रात्री साडेदहानंतर शेजाऱ्यांसाठी आवाज अगदी बारीक केला की आतल्या ॲम्प्लिफायरचा 'स्स्स' काही जोड्यांत ऐकू येतो. दुकानातल्या गोंगाटात तो कळत नाही.

आणि जुनी गाणी? अब्दुल करीम खाँसाहेबांची 1930 च्या दशकातली तबकडी मॉनिटरवर लावली तेव्हा मी पहिल्यांदा दचकलोच. गाणं होतं तेवढंच, खरखर मात्र दुप्पट. कारण सरळ आहे. त्या तबकडीत साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं नाहीच, आहे ती फक्त सुईची घासाघीस. जुन्या रेडिओग्रामला ती वाजवताच येत नसे, म्हणून आपल्याला ती कधी भेटली नव्हती. मॉनिटर मात्र इमानदारीने दोन्ही ऐकवतो. सुख हवं असेल तर अशा गाण्यांना जुना, थोडा आळशी स्पीकरच बरा. हे माझं मत लेकीला मान्य नाही.

पण कॅसेटच्या बाबतीत मी हरलो. कॅसेट प्लेअरचं हेड ज्या कोनात टेप वाचतं तो कोन जरा चुकला की वरचे स्वर मरतात. प्रत्येक रेकॉर्डरचा कोन थोडा वेगळा. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून कोन जुळवावा लागतो. लेक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली. साउंडबारवर स्क्रू फिरवला तरी काही फरक कळला नव्हता. मॉनिटरवर पाव वळणात 'स' आणि 'श' वेगळे झाले. चूक शोधायचं काम होतं, आणि ही पेटी जन्मली त्यासाठीच.

मग तो हॉल उघडला. मध्यभागी गाणारी बाई, उजवीकडे पेटी, छताचा पंखा, मागे कुणाचं तरी रडणारं मूल. आणि गाणं संपतं न संपतं तोच अगदी डाव्या टोकाकडून एक आवाज आला, "वन्स मोअर!"

तो आवाज मी ओळखला. आम्ही आठवड्याला एकत्र जेवायचो. तो जाऊन आता नऊ वर्षं झाली. इतकी वर्षं ती कॅसेट वाजवली, आणि तो तिच्यात होता हे मला माहीत नव्हतं.

आवाज डावीकडून येतो हे फक्त त्या एका खुर्चीत बसलं तरच कळतं. बाजूला उभं राहिलं की तो गर्दीत मिसळून जातो. म्हणून मी उठलो आणि बायकोला बसवलं. तिने टेप मागे घ्यायला लावली, डोळे मिटून ऐकलं, आणि लगेच फोन लावून त्याच्या बायकोला विचारलं, रविवारी जेवायला येतेस का. मग लेक बसली. तिने त्याला कधी पाहिलेलं नाही. तिनेही टेप मागे घेतली, आणि त्या सेकंदाला संगणकावर एक खूण करून ठेवली.

रविवारसाठी मी स्वयंपाकघरातली एक बरी खुर्ची आणून टेबलापुढे ठेवली आहे.