नियम २७चे घराणे

निवृत्त होणाऱ्या सरकारी नोकराच्या पेन्शन-कागदांत एक कागद असतो, ज्यावाचून शाल-श्रीफळालाही चव येत नाही : ‘ना-चौकशी, ना-मागणी प्रमाणपत्र’. तुमच्यावर चौकशी नाही आणि सरकारचे तुमच्याकडे काही येणे नाही, एवढेच त्यात लिहिलेले असते. सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात या कागदासाठी टेबलामागून टेबल फिरणारी माणसे दिसतात. अठ्ठावन्न पूर्ण झाले, महिनाअखेर गाठली, की मागचे सगळे धुऊन निघाले, हा समज त्या जिन्यांवर टिकत नाही. ‘डीई लागली’ हे शब्द तिथे दबक्या आवाजात बोलले जातात. डीई म्हणजे विभागीय चौकशी, आणि ती निवृत्तीनंतरही चालते.

त्यामागचा कायदा म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७. नोकरीतले गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर सरकार पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, कायमची किंवा ठरावीक काळ रोखू शकते, झालेले नुकसानही त्यातून वसूल करू शकते. लोकसेवा आयोगाच्या कक्षेतल्या पदांसाठी त्याआधी आयोगाचा सल्ला घ्यावा लागतो. चौकशी नोकरीत असतानाच सुरू झाली असेल, तर ती निवृत्तीनंतर पुढे चालू राहते. सुरू झालेली नसेल, तर दोन अटी : शासनाची मंजुरी हवी, आणि ज्या घटनेबद्दल आरोप आहे ती चार वर्षांपेक्षा जुनी नको. हे चार वर्षांचे गणित सगळ्यांना पाठ असते. मात्र चौकशी ‘सुरू झाली’ असे धरतात ते दोषारोपपत्र बजावल्याच्या तारखेपासून, किंवा निलंबन आधी झाले असेल तर त्या तारखेपासून. त्यामुळे जोडपत्र १ ते ४ टंकून तयार असूनही सहीसाठी पडून राहिलेली फाईल कुणाला तरी अलगद सोडवून जाते. जमिनीच्या फायलींचे दोष लेखापरीक्षणात वर यायला चार वर्षे सहज लागतात, हे ज्या शहराचा जन्मच भूसंपादनातून झाला तिथे वेगळे सांगायला नको.

हा नियम १९८२ साली आकाशातून पडला नाही. त्याआधी मुंबई नागरी सेवा नियमांत १८८ आणि १८९ हे त्याचे वडील होते, आणि आजोबा इंग्रजी अमलातल्या सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्समध्ये. तिथले ३५१वे कलम सांगे, की पुढील सद्वर्तन ही प्रत्येक पेन्शनची गृहीत अट आहे. ती ओळ आजच्या नियम २६ मध्ये जवळजवळ तशीच उतरली आहे. त्याला चिकटून ३५१-अ. आकड्यामागचा ‘अ’च सांगतो, की हे पाऊल मागाहून पडले. आधी पाहिले जाई ते म्हाताऱ्याचे पुढचे वागणे. त्याने खुर्चीत बसून काय केले हे तपासायची बुद्धी नंतर झाली.

खुर्ची सोडल्यावर जाब विचारण्याची कल्पना त्याहूनही जुनी. सालबाईचा तह करणारा वॉरन हेस्टिंग्ज १७८५ साली गव्हर्नर जनरलपद सोडून विलायतेला गेला, आणि १७८८ मध्ये त्याच्यावर पार्लमेंटपुढे महाभियोग उभा राहिला. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, तो निर्दोष सुटला. मग कंपनीने त्याला वर्षाला ४००० पौंडांचे वेतन बांधून दिले. म्हणजे त्या बड्या प्रकरणात चौकशी आधी आणि पेन्शन नंतर. आपल्याकडे क्रम फिरला आणि पेन्शन हेच चौकशीचे दावे झाले. जनावर मोकळे सुटले तरी गळ्यातली दोरी सरकारच्या हातात.

ही दोरी किती घट्ट आवळायची, याचा वाद न्यायालयात झाला. नवे नियम १५ ऑगस्ट १९८२ पासून लागू झाले, आणि चारच महिन्यांनी, १७ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितले, की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेतून मिळवलेली असते. घटनापीठाचे प्रमुख होते पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आणि निकाल लिहिला होता न्या. डी. ए. देसाईंनी. पेन्शन हक्काची ठरल्यावर ती कापायला लेखी नियम लागणारच. १९९९ मध्ये ओरिसाच्या एका महामंडळाच्या खटल्यात न्यायालयाने उलट बाजू दाखवली : नियमांत तशी तरतूद नसेल, तर निवृत्तीबरोबर चौकशी संपते. बेलापुरात याचा अर्थ चालत जाऊन पाहता येतो. कोकण भवनातला महसूल अधिकारी नियम २७ खाली. तोच सिडको भवनात प्रतिनियुक्तीवर गेला तरी नियम २७ खालीच. पण सिडको ही कंपनी कायद्याखाली १९७० साली नोंदलेली कंपनी. तिच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत तिचे सेवानियम काय म्हणतात ते पाहावे लागते.

आता राजीनामा. इथे नियम २७ जवळजवळ निकामी होतो. राजीनामा दिला की नियम ४६ प्रमाणे मागची सेवा जप्त, म्हणजे पेन्शनच नाही. मग रोखायचे काय? ज्याने पेन्शनपेक्षा बरेच जास्त कमावून ठेवले आहे, त्याला हा सौदा परवडतो. म्हणून सरकारने दुसरे हत्यार ठेवले आहे : राजीनामाच स्वीकारायचा नाही. चौकशी लागलेली किंवा लागण्यासारखी असली, की अर्ज पडून राहतो, आणि तो स्वीकारला जाईपर्यंत माणूस नोकरच असतो. उपाय चलाख आहे; पण साहेबाच्या मनात असेल तर राजीनामा स्वीकारताही येतो, हे कोण नाकारील?

राजीनाम्याचा पाठलाग खऱ्या अर्थाने केला तो फौजदारी कायद्याने, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण रायगडच्या माणसाचे. आंबेतचे बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयात जोडला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. रामदास नायक यांनी खटला भरला. बचाव असा, की अंतुले अजून आमदार आहेत, आमदार लोकसेवक आहे, सबब मंजुरीशिवाय खटला चालत नाही. विशेष न्यायाधीशांनी तो मान्य करून १९८३ मध्ये त्यांना आरोपमुक्त केले. प्रकरण घटनापीठापुढे गेले. १६ फेब्रुवारी १९८४ चा निकाल लिहिला तो पुन्हा देसाईंनीच. ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सोडले असेल, तर मंजुरी लागत नाही. शिवाय आमदार हा कायद्याच्या व्याख्येतला लोकसेवकच नाही. खुर्चीवरच्या माणसाला उठसूट खटल्यांनी छळू नये म्हणून मंजुरी असते. खुर्ची गेली की तिचे कारणही गेले. पेन्शनरांचा देव ठरलेल्या न्यायाधीशाच्याच लेखणीतून माजी सत्ताधाऱ्यांची ढाल निघून गेली, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आदेश १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींनी चुकीचा ठरवला, आणि अंतुले दिल्लीत केंद्रीय मंत्रीही झाले. तत्त्व मात्र देशभर राहिले.

ते चौतीस वर्षे टिकले. जुलै २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्ये काही शब्द वाढवले गेले, आणि गुन्ह्याच्या वेळी पदावर असलेल्या माजी नोकरासाठीही मंजुरी सक्तीची झाली. प्रामाणिक अधिकारी निवृत्तीनंतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, हे त्यामागचे कारण खोटे नाही. पण प्रामाणिकाची ढाल आणि भ्रष्टाची ढाल एकाच साच्यातली निघाली.

पेन्शनची दोरी तर त्याआधीच सैल पडू लागली होती. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना १९८२ चे नियम एरवी लागू नाहीत. त्यांची रक्कम बाजारातल्या खात्यात साठते आणि वार्षिकी विमा कंपनी देते. नियम २७ तिथे कशाला हात घालणार? ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारायचे ठरवले, आणि हमीच्या पेन्शनबरोबर जुन्या पकडीचा प्रश्नही परत आला. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये त्या योजनेची अधिसूचना काढली, तिच्यात हमीचे वेतन कुणाला मिळणार नाही हेही सांगितले आहे : सेवेतून काढून टाकलेला, बडतर्फ झालेला आणि राजीनामा दिलेला, तिघेही एकाच ओळीत.