‘लिहिले’ या उत्तराचा अर्थ

संगणकशास्त्रातील काही वाद वरकरणी तंत्राचे भासतात. मुळात ते शब्दार्थाचे असतात. ‘नेटवर्क फाइल सिस्टीम’, म्हणजेच एन्.एफ्.एस्., हिच्यावर डेटाबेस ठेवावा की नाही, हा वाद त्यांपैकीच एक होय.

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 साली ही व्यवस्था पुढे आणली. दूरच्या सर्व्हरवरील फाइल आपल्याच यंत्रात असल्याप्रमाणे वापरता यावी, हा तिचा हेतू. कोणत्या यंत्राने कोणती फाइल उघडली आहे याची नोंद सर्व्हरने ठेवू नये, हे तिचे मूळ तत्त्व. त्यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी तीच मागणी पुन्हा केली की काम पुढे चाले. तथापि जो नोंद ठेवत नाही, तो कुलूप कोणाच्या हाती आहे हेही सांगू शकत नाही. म्हणून कुलुपांसाठी निराळा प्रोटोकॉल जोडावा लागला. डेटाबेसची तर सारी मदार कुलुपावर. एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीपत्रकात या कुलुपांविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे, तो याच कारणाने.

दुसरा प्रश्न ‘लिहिले’ या उत्तराचा. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांनुसार, मजकूर स्थिर साठ्यावर पोचल्यावाचून सर्व्हरने हे उत्तर द्यावयाचे नव्हते. हा नियम सुरक्षित, परंतु मंद होता. 1995 च्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आधी तात्पुरता स्वीकारून नंतर ‘कमिट’ने पक्का करण्याची सोय केली. लिनक्सवरील ‘असिंक’ हा पर्याय याच्याही पुढे जातो : डिस्कवर काही उतरण्यापूर्वीच तो होकार देतो. अशा वेळी वीज गेली, तर डेटाबेसने पूर्ण मानलेला व्यवहार मागमूस न ठेवता नाहीसा होऊ शकतो. ‘सॉफ्ट’ जोडणीत ठरावीक प्रयत्नांनंतर यंत्र माघार घेते, आणि लेखन अर्धवट राहण्याचा धोका उद्भवतो. पोस्टग्रेएसक्यूएलचे मार्गदर्शन ‘हार्ड’ जोडणीचा आग्रह धरते, ते यासाठीच.

2000 सालच्या चौथ्या आवृत्तीने कुलुपे मूळ प्रोटोकॉलातच आणली. मूळ तत्त्वाला मुरड घातल्यावाचून हे शक्य नव्हते. यावरून एन्.एफ्.एस्. सर्वथा त्याज्य ठरते असे नव्हे. मात्र बोलींच्या नोंदी डेटाबेसात साठविणाऱ्या विभागांनी सर्व्हरच्या होकाराचा नेमका अर्थ आधी तपासून घेतला पाहिजे. ज्या बोलीचा अखेरचा वक्ता आज हयात नाही, तिची हरवलेली नोंद पुन्हा मागता येत नाही.