मर्वचे कुतुबखाने आणि एकाच माणसाची किताब

समरकंद आणि बुखारा ही नावे आपल्या घराघरांत ठाऊक असतात. इमाम बुखारींमुळे, तैमूरमुळे, उर्दू शायरीमुळे ती आपल्या बोलण्यात सहज येतात. पण त्यांच्या शेजारच्या तुर्कमेनिस्तानचे नाव घेतले की सुशिक्षित माणूसही विचारात पडतो. महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा हा देश. पश्चिमेला कास्पियन समुद्र, दक्षिणेला इराण आणि अफगाणिस्तान, आणि मध्ये पसरलेले काराकुम वाळवंट. काराकुम म्हणजे काळी वाळू. देशाचा बहुतांश भाग या वाळूखाली आहे आणि तिच्या पोटात नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आहेत.

२७ ऑक्टोबर १९९१ रोजी हा देश सोव्हिएत संघातून बाहेर पडून स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यानंतरची तीन दशके तिथे पर्यटक म्हणून जायचे तर आधी निमंत्रणपत्र लागे, आणि देशात फिरताना बहुतेक सर्व वेळ सरकारमान्य वाटाड्या सोबत असे. म्हणून फार थोडे लोक तिथे गेले. जे गेले त्यांनी लिहिले ते प्रामुख्याने दोन गोष्टींबद्दल. एक म्हणजे अश्गाबात या राजधानीतल्या पांढऱ्या संगमरवरी इमारती आणि दुसरी म्हणजे वाळवंटातला दरवाझा येथील जळता वायूचा खड्डा. आम्ही पेशाने शिक्षक, तेही उर्दू माध्यमाचे. त्यामुळे या देशाचा प्रवास आम्ही इतिहासाच्या पुस्तकांतून केला आणि आमचे लक्ष सारखे एकाच प्रश्नाकडे जात राहिले. या मातीतल्या मुलांच्या हातात कोणकोणत्या काळात कोणती पुस्तके होती?

प्रवास उत्तरेकडून सुरू करू. उझबेकिस्तानच्या सीमेला लागून कुन्या-उर्गेंच हे गाव आहे. हीच खवारिज्मची जुनी राजधानी. ‘अल-कश्शाफ’ ही प्रसिद्ध तफसीर लिहिणारे जमख्शरी याच परिसरातले. सूफी नज्मुद्दीन कुब्रा १२२१ मध्ये मंगोलांच्या हल्ल्यात इथेच शहीद झाले. त्यानंतर शतकभराने, १३३०च्या दशकात, इब्ने बतूता इथे आला. शहर पुन्हा उभे राहिले होते. बाजारात एवढी गर्दी की घोडा पुढेही नेता येईना आणि मागेही वळवता येईना, अशी नोंद त्याने केली आहे. इथल्या खरबुजांचे त्याला फार कौतुक. त्यांच्या फोडी वाळवून हिंदुस्थानपर्यंत पाठवतात असे तो लिहितो. हाच इब्ने बतूता पुढे दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी आला आणि आपल्या दौलताबादेतही येऊन गेला. म्हणजे खवारिज्म ते दख्खन हा रस्ता तेव्हा चालता होता. माणसे, फळे आणि किताबा या रस्त्याने ये-जा करीत होत्या.

पुढे हा रस्ता ओस पडला. १८६३ मध्ये आर्मिनियस वांबेरी नावाचा हंगेरियन विद्वान हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या काफिल्यात दरवेशाचा वेष घेऊन सामील झाला आणि तुर्कमान टोळ्यांच्या मुलखातून खीव्याला पोहोचला. पाण्याच्या प्रत्येक घोटाचा हिशेब ठेवावा लागे. लिहिताना दिसलो तर हेर समजून मारतील, या भीतीने तो पेन्सिलीचा तुकडा कपड्यात लपवून ठेवी. या वाळवंटात लिहिणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची रीत, असे म्हणायला हवे, आजकालची नाही.

वांबेरीनंतर अठरा वर्षांनी रशियाची फौज आली. गोक-तेपे येथील मातीच्या किल्ल्यात तेके टोळीचे तुर्कमान बायकामुलांसह जमले होते. जनरल स्कोबेलेव्हने तटाखाली सुरुंग लावून जानेवारी १८८१ मध्ये किल्ला घेतला. पळणाऱ्यांचाही पाठलाग झाला, हजारो माणसे मारली गेली. त्या पाठोपाठ रेल्वे आली, कापूस आला, आणि १९१७च्या क्रांतीनंतर सोव्हिएत राजवट आली. तिने शाळा काढल्या, मुलींना शिकवले, दवाखाने उघडले. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच राजवटीने मशिदी बंद केल्या, इतक्या की शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच चालू राहिल्या. आणि तिने लिपी बदलली.

या ठिकाणी शिक्षकाने थांबलेच पाहिजे. १९२०च्या दशकापर्यंत तुर्कमान भाषा अरबी लिपीत लिहिली जात असे. अठराव्या शतकातला त्यांचा महाकवी मख्तूमकुली याची हस्तलिखिते याच लिपीत आहेत. १९२८-२९च्या सुमारास तिच्या जागी लॅटिन लिपी आली. १९४० मध्ये लॅटिन काढून रशियनची सिरिलिक लिपी लादली गेली. स्वातंत्र्यानंतर १९९३ मध्ये सिरिलिक काढून पुन्हा नव्या रूपातली लॅटिन आणली. पाऊण शतकात तीन वेळा लिपी बदलली! आजोबा मकतबात अलिफ-बे शिकले, बापाने सिरिलिक गिरवली, नातू लॅटिनमध्ये लिहितो. तिघांची जबान एक, पण एकाचे पत्र दुसऱ्याला वाचता येत नाही. दडपशाहीच्या वर्षांत मध्य आशियात अनेक कुटुंबांनी अरबी लिपीतल्या किताबा भिंतीत चिणल्या किंवा जमिनीत पुरल्या, कारण घरात अशी किताब सापडणे हाच गुन्हा ठरत होता.

मोडीतले आपल्या पणजोबांचे खरेदीखत हाती घेऊन तज्ज्ञाचा शोध घेणाऱ्या मराठी माणसाला हे दुःख थोडेफार कळेल. घरातल्या बुजुर्गांची उर्दू पत्रे ट्रंकेत ठेवून ती वाचणाऱ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तर अधिकच. मात्र फरक मोठा आहे. आपल्याकडे उदासीनतेने जे हळूहळू घडले, ते तिथे हुकुमाने घडवले गेले.

ज्याला स्वतःचा जुना कागद वाचता येत नाही, त्याला इतिहास सांगणारा माणूस बाहेरून लागतो. स्वातंत्र्यानंतर तुर्कमानांना असा माणूस मिळाला. त्याचे नाव सपरमुराद नियाझोव. त्याचे बालपण करुण होते. वडील दुसऱ्या महायुद्धात गेले. ऑक्टोबर १९४८च्या भूकंपात अश्गाबात जमीनदोस्त झाले आणि आई गेली. त्या भूकंपातील मृतांचा खरा आकडा सोव्हिएत सरकारने दडवला, आणि अंदाज एक लाखापर्यंत जातात. अनाथ मुलगा पक्षात वाढला, १९८५ मध्ये प्रजासत्ताकाच्या पक्षाचा प्रमुख झाला आणि १९९१ नंतर राष्ट्राध्यक्ष. त्याने ‘तुर्कमेनबाशी’, म्हणजे सर्व तुर्कमानांचा प्रमुख, हा किताब घेतला. १९९९ मध्ये संसदेने त्याला तहहयात अध्यक्षपद दिले. राजधानीत त्याचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा सूर्याबरोबर फिरत असे. २००२ मध्ये महिन्यांची नावे बदलली. जानेवारीला त्याचे नाव मिळाले, एप्रिलला त्याच्या आईचे आणि सप्टेंबरला त्याच्या पुस्तकाचे.

हे पुस्तक म्हणजे ‘रुहनामा’. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात तुर्कमानांचा इतिहास आहे, उपदेश आहे, आत्मचरित्र आहे. सत्ताधीशाने पुस्तक लिहू नये असे कुणी म्हणणार नाही. बाबरानेही लिहिले. पण ‘बाबरनामा’ पाठ केल्याशिवाय कुणाची नोकरी अडली नव्हती. रुहनामा मात्र शाळेत, विद्यापीठात, नोकरीच्या मुलाखतीत, अगदी वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीही सक्तीचा झाला. शालेय शिक्षणाची वर्षे कमी करून नऊवर आणली आणि त्या उरलेल्या वर्षांतही मोठा वाटा या एका पुस्तकाचा. अशा वर्गात उभ्या राहणाऱ्या तुर्कमान शिक्षकाची अवस्था आमच्या डोळ्यांसमोर येते. मुलाने ‘सर, हे खरे आहे का?’ असे विचारले तर त्याने काय उत्तर द्यायचे? हा प्रश्न मुलांनी विचारू नये, अशीच तर त्या अभ्यासक्रमाची रचना होती.

हे सर्व धर्माच्या दारापाशी थांबले असते, तरी आपण ‘राजकारण आहे’ म्हणून सोडून दिले असते. पण तसे झाले नाही. अश्गाबातजवळ किपचाक या आपल्या जन्मगावी नियाझोवने २००४ मध्ये भव्य मशीद बांधली. सोनेरी घुमट, स्वातंत्र्याच्या वर्षाची आठवण म्हणून ९१ मीटर उंचीचे मिनार आणि सुमारे दहा हजार नमाजींची जागा. त्या मशिदीच्या भिंतींवर आणि मिनारांवर कुरआनच्या आयतींबरोबर रुहनामातील वाक्ये कोरली गेली. पुढे २००६ मध्ये, जो रुहनामा तीन वेळा वाचील तो जन्नतमध्ये जाईल, तशी आपण अल्लाहकडे विनंती केली आहे, असेही त्याने जाहीर केले.

देशाचे प्रमुख मुफ्ती नसरुल्लाह इब्न इबादुल्लाह यांना २००३ मध्ये पदावरून काढले होते. २००४ मध्ये बंद दाराआड खटला चालवून त्यांना २२ वर्षांची शिक्षा झाली. आरोप होता अध्यक्षांविरुद्धच्या कटात सामील असल्याचा. मशिदीत रुहनामाला कुरआनच्या बरोबरीने मान देण्यास त्यांनी नकार दिला, हे खरे कारण असल्याचे त्या वेळी बाहेरच्या जगात सांगितले जात होते. नियाझोवच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये त्यांची सुटका झाली. इस्लामचे नाव घेणारा, मशिदी बांधणारा, उमरा करून आलेला सत्ताधीश आणि त्याच्याच तुरुंगात देशाचा मुफ्ती. मशीद कुणी बांधली एवढ्यावरून राज्यकर्त्याची पारख करणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

२००५ मध्ये नियाझोवने आणखी दोन हुकूम काढले. एक, राजधानीबाहेरची इस्पितळे बंद करावीत. आजारी माणसाने अश्गाबातला यावे. दुसरा, गावोगावची ग्रंथालये बंद करावीत, कारण गावातली माणसे वाचत नाहीत. हा दुसरा हुकूम वाचून आम्ही चक्रावलो. कारण ज्या भूमीत तो निघाला, त्याच भूमीत मर्व आहे.

आजच्या मारी शहराजवळ मर्वचे अवशेष पसरले आहेत. सुलतान संजरची बाराव्या शतकातली कबर अजून उभी आहे. बाकी बहुतेक मातीचे ढिगारे. अब्दुल्लाह इब्न मुबारक यांच्यासारखे मुहद्दिस याच मर्वचे. खलिफा मामून सत्तेवर आल्यानंतर काही वर्षे इथूनच राज्य करीत होता. १२१६च्या सुमारास याकूत अल-हमवी इथे आला. याकूत जन्माने रूमी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. मालकाने त्याला शिकवले आणि पुढे स्वतंत्र केले. किताबांच्या नकला करून आणि त्या विकून तो पोट भरी. मर्वमध्ये तेव्हा वक्फचे दहा कुतुबखाने होते. त्यांपैकी दोन जामा मशिदीत, आणि त्यातल्या एकात, अजीजियामध्ये, सुमारे बारा हजार ग्रंथ. या परक्या, गरीब, मुक्त गुलामाच्या घरी एका वेळी दोनशे किंवा अधिक ग्रंथ असत आणि तेही बहुतेक काही तारण न ठेवता दिलेले! त्याने हे मोठ्या कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. मंगोल आले नसते तर मरेपर्यंत आपण मर्व सोडले नसते, असेही तो सांगतो.

१२२१ मध्ये चंगीझखानाचा मुलगा तोलुई मर्ववर आला. कत्तलीचे जुन्या तवारिखांतले आकडे अतिशयोक्त असतील, पण शहर संपले हे खरे. याकूत त्याआधीच निसटला होता. तो फिरत फिरत हलबला गेला आणि १२२९ मध्ये तिथेच वारला. मर्वच्या पुस्तकांतून केलेली टिपणे त्याच्याजवळ होती. त्यांच्या आधारे ‘मुअजम अल-बुलदान’ हा भूगोलाचा महाकोश त्याने पुरा केला.

नियाझोव डिसेंबर २००६ मध्ये वारला. त्याच्यानंतर आलेल्या गुर्बानगुली बेर्दिमुहम्मेदोव यांनी महिन्यांची जुनी नावे परत आणली, शाळेची वर्षे वाढवली आणि रुहनामा हळूहळू अभ्यासक्रमातून काढला. पण मग त्यांची स्वतःची पुस्तके येऊ लागली, सोनेरी पुतळाही उभा राहिला, आणि २०२२ मध्ये मुलगा सेरदार अध्यक्ष झाला. पुस्तक बदलले, पण एकाच घरचे पुस्तक वाचायची शिस्त तशीच राहिली.

आम्हा शिक्षकांना या इतिहासातून घ्यायचे ते हेच. आपली शाळा उर्दू माध्यमाची असो की मराठी, मुलाच्या हाती एकच पुस्तक देऊन ‘यातच सगळे आहे’ म्हणणे सोपे असते, आणि ते सांगणारे बाहेरचे असतात तसे आपलेही असतात. मर्वच्या ग्रंथपालाने याकूतला त्याचे कूळ, वतन किंवा ऐपत विचारली नाही. त्याने ग्रंथ दिले. पुढे ते सारे कुतुबखाने नष्ट झाले. तरीही तिथे किती ग्रंथ होते आणि ते कसे मिळत, हे आपल्याला आज ठाऊक आहे, कारण ते उसने नेणाऱ्या एका वाचकाने त्यांची टिपणे जपली.